बरणीभर माती

नंदाबाईंनी बरणीत नाक घालून वास घेतला. दोनदा सोड्यानं धुतली होती, दिवसभर गच्चीवर उन्हात पालथी घातली होती, तरी कैरीचं लोणचं तळाशी कुठंतरी ठाण मांडून होतं. त्यांना ते आवडलं. जागा न सोडणाऱ्यांबद्दल त्यांच्या मनात अलीकडे आदर वाढला होता.

जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरलं होतं. त्यावर दोन बरण्या, पुण्याहून लेकीनं पाठवलेल्या खोक्यातली सहा इवलाली जाडपानी झाडं आणि झाडांसोबत आलेला एक गुळगुळीत कागद. लेक म्हणजे निकिता. तिचं मत असं, की आई आता शाळेतून निवृत्त झाली, तर तिनं काहीतरी जोपासावं. नंदाबाई गेली एकतीस वर्षं एक गोष्ट मनापासून जोपासत होत्या, पण ती लेकीला सांगण्यासारखी नव्हती.

साखरेच्या डब्याला टेकवलेल्या फोनमधून निकिता बघत होती.

"आई, याला टेरारियम म्हणतात. काचेतली बाग. आधी कागद वाच."

"वाचला."

"पूर्ण?"

"बत्तीस वर्षं पुसदच्या पोरांले पूर्ण वाचाले लावलं मी. तू मले सांगून राह्यली?"

कागदावर दोन रकाने होते. डावीकडे 'हे करा', उजवीकडे 'हे टाळा'.

पहिली बरणी नंदाबाईंनी डाव्या रकान्याप्रमाणे केली. तळाशी पूस नदीच्या पात्रातले गोटे, त्यावर इस्त्रीवाल्याकडून मागून आणलेल्या कोळशाचा चुरा, मग वाळू आणि मुरूम अर्धा-अर्धा, त्यात चिमूटभर शेणखत. बरणीचं तोंड अरुंद, हात मनगटाशी अडकायचा. शेवटी विणायच्या सुईनं खड्डे केले आणि आमटीच्या पळीनं झाडं आत सोडली. पहिलं झाड डोक्यावर पडलं आणि त्याचं एक पान मोडलं. दुसरं काचेला टेकून उभं राहिलं, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखं. तिसऱ्याला सरळ करताना पहिलं पुन्हा पडलं. तासाभरानं तिघंही उभी राहिली, एकमेकांकडे पाठ करून. नंदाबाईंनी चमचाभर पाणी घातलं, झाकण बाजूला ठेवलं आणि कपाळाला मातीचा हात लावून घेतला.

"झकास!" निकिता म्हणाली. "दुसरी कोणाला?"

"दादाले. एकसष्टी आहे त्याची."

"मामाला? तू? स्वतःच्या हातानं करून?"

"भाऊ आहे माहा," नंदाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मग त्यांनी कागद मधोमध दुमडला. डावा रकाना खाली गेला, उजवा वर आला. काळी चिकण माती वापरू नये, ती पाणी धरून ठेवते. तळाशी गोटे-कोळसा घातल्याशिवाय माती भरू नये. बरणीला झाकण लावू नये. आणि रोज पाणी मुळीच घालू नये, मुळं कुजतात, झाड पंधरा दिवसांत दगावतं. एवढ्या वर्षांच्या शिक्षकीत नंदाबाईंना एक कळलं होतं. मनाई नीट क्रमवार लिहिली, की ती वाचणाऱ्याला आयतं वेळापत्रक मिळतं.

पहिल्या तीन गोष्टी त्यांच्या हातात होत्या. चौथीची सोय तानावहिनी करणार होत्या. सदाशिवदादाची ही बायको हिरवं काही दिसलं की त्यावर तांब्या रिकामा करायची. एकदा तिनं दिवाणखान्यातल्या प्लास्टिकच्या वेलीलाही महिनाभर पाणी घातलं होतं.

कोपऱ्यातल्या गोणीचं तोंड नंदाबाईंनी सोडलं. आत काळी माती होती, सदाशिवदादाच्या वावरातली. तीन आठवड्यांपूर्वी, भाऊबिजेला, त्यांनी ती मागून आणली होती.

बाभुळगावहून सात किलोमीटर आत माहेर. सदाशिवराव दर भाऊबिजेला बहिणीला साडी देत. नंदाबाईंच्या लेखी ते त्यांनी सही केलेल्या हक्कसोडपत्राचं वार्षिक नूतनीकरण होतं, काठपदराचं. यंदा ओवाळून झालं, भावाचा हात पाटाशेजारच्या पिशवीकडे गेला, तेव्हा त्या म्हणाल्या,

"साडी नको दादा. माती दे."

हात पिशवीवरच थांबला. "कोणती माती?"

"वावरातली. एक गोणी."

तानावहिनी स्वयंपाकघराच्या दारातून डोकावल्या. "बाप्पा! कायले वं बाई माती?"

"झाडं लावाले."

"अस्सं होय!" सदाशिवराव सैल झाले, हसले. "एक कायले, दोन ने. आपल्या मातीत छत्रीची दांडी रोवली तं तिलेबी पान फुटते."

हे वाक्य त्यांनी कृषी अधिकाऱ्यांना ऐकवलं होतं, सोयऱ्यांना ऐकवलं होतं, आणि 'उत्कृष्ट शेतकरी' असं कोरलेला चषक घेताना माईकवरूनही ऐकवलं होतं. तो चषक दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये मधोमध होता. देव त्या मानानं कोपऱ्यात होते.

"खालून घेते मी, विहिरीजवळून," नंदाबाई म्हणाल्या.

"विहिरीकडच्या तुकड्यातून? ने ना."

विहिरीकडचा तुकडा. नंदाबाईंनी ते ऐकलं, खुरपं उचललं आणि स्वतःच वावरात गेल्या.

वडील होते तोवर त्या तुकड्याला नाव होतं. आठ वर्षांची नंदी निंदणाच्या बायांबरोबर तिथं पहिल्यांदा बसली आणि दुपारपर्यंत एकटीनं चार तासं, म्हणजे पिकाच्या चार ओळी, केना उपटला. केना हे काळ्या मातीचं हट्टी तण. उपटून धुऱ्यावर, बांधावर, फेकलं तरी पाऊस पडला की तिथंच मूळ धरतं. नंदी दमून धुऱ्यावर झोपली, हातात केन्याची जुडी तशीच. वडिलांनी सालदार उकंडाला बोलावून दाखवलं आणि म्हणाले, "पाह्य रे, आजपासून हा नंदीचा पट्टा." गंमतच होती, पण नाव चिकटलं. 'नंदीच्या पट्ट्यात डवरणी झाली का', 'नंदीच्या पट्ट्यातली पऱ्हाटी यंदा चांगली आहे', असं घरीदारी सगळे म्हणू लागले. पुढे नंदीचं लग्न ठरलं तेव्हाही वडील म्हणाले, "तो पट्टा तिचाच हाये." नुसते म्हणाले. कागदावर म्हणायचं राहून गेलं.

वडिलांची तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी सदाशिवरावांनी कागद काढला.

"नंदे, तुले भाऊ पाहिजे का हिस्सा?"

हा प्रश्न त्या गावातल्या प्रत्येक बहिणीला एकदा विचारला जायचा, आणि त्याचं उत्तर एकच असायचं. नंदाबाईंनी काही न बोलता सही केली. त्याचा राग त्यांनी फार दिवस धरला नाही, निदान त्यांची तशी समजूत होती. राग आला तो पुढच्या महिन्यात, बाभुळगावच्या एका लग्नात. जेवणाच्या पंगतीत दादा कुणाला तरी सांगत होता, "आमची नंदी सोन्यासारखी. मी म्हटलं, घे हिस्सा. तं म्हणे, मले काय करायची माती!"

पंगत म्हणाली, "वा!"

नंदाबाईंनी असं कधी म्हटलं नव्हतं. पण वाक्य चांगलं होतं, त्यामुळे चाललं. बारशांत चाललं, साखरपुड्यांत चाललं, पुसदला सासरी पोचलं. सासूनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. शाळेतल्या बाईंनी डोळे पुसले. नंदाबाई तांदूळ निवडताना, वह्या तपासताना, एसटीत खिडकीशी बसून, त्या वाक्याला नाना तऱ्हेची उत्तरं देत राहिल्या. आणि तिकडे एका हंगामात नंदीचा पट्टा विहिरीकडचा तुकडा झाला. दादाच्या तोंडून ते जुनं नाव पुन्हा कधी आलं नाही. जमीन गेली तर माणूस हळूहळू विसरतं. आपल्या तोंडात दुसऱ्याचं वाक्य कोंबून ते जिल्हाभर मिरवलं, तर विसरत नाही.

दुसऱ्या बरणीत नंदाबाईंनी गोटे घातले नाहीत, कोळसा घातला नाही. काळी माती थेट तळापासून भरली आणि मुठीनं दाबली. उरलेली तीन झाडं रोवली. आता हात सरावला होता, एकही पडलं नाही. तांब्याभर पाणी घातलं. मातीनं ते पिऊन घेतलं आणि चकाकली. मग झाकण गच्च फिरवलं. शेवटी एक पांढरी चिठ्ठी चिकटवली आणि त्यावर मागच्या बाकावरूनही वाचता येईल अशा अक्षरात लिहिलं : 'माती – श्री. सदाशिवराव यांच्या वावरातील.'

चषकाशेजारी ठेवतील. येणारा-जाणारा बघेल. पंधरा दिवसांत पानं काळी पडतील, चिखल होईल, आणि खाली सुवाच्य अक्षरात माती कुणाची ते लिहिलेलं असेल. सूड लहान होता, हे त्यांना कळत होतं. पण बरणीही तेवढीच होती.

एकसष्टीला सगळं ठरल्याप्रमाणे झालं. सदाशिवरावांनी चिठ्ठी पाहुण्यांना मोठ्यानं वाचून दाखवली, दोनदा. बरणी चषकाशेजारी गेली.

"पाणी किती घालू वं हिले?" तानावहिनींनी विचारलं.

"तुमच्या मनाले येईल तेवढं घाला वहिनी."

त्यानंतर नंदाबाई दर रविवारी माहेरी फोन करू लागल्या. नणंदेला इतका जिव्हाळा कुठून आला, या विचारानं तानावहिनी हळव्या झाल्या.

"पाणी घालता ना?"

"रोज! झाकण काढते, तुळशीचं उरलेलं ओतते, पुन्हा लावते."

दुसऱ्या रविवारी एक झाड वाकलं होतं. तिसऱ्या रविवारी वहिनी म्हणाल्या, "बाई, राग नको मानजो, ते तिन्ही गेले." नंदाबाई म्हणाल्या, "जाऊ द्या, नाजूक असतात." आणि त्या दिवशी त्यांनी स्वतःसाठी शिरा केला. त्यांची स्वतःची बरणी खिडकीत होती. सगळे नियम पाळलेली. तिच्यातली तिन्ही झाडं जशी लावली तशीच होती, इतकी तशीच, की जिवंत आहेत का ते कळायला मार्ग नव्हता.

माघात कपिलचं, म्हणजे सदाशिवरावांच्या मुलाचं, साक्षगंध ठरलं. मुलगी वैष्णवी, यवतमाळची. नंदाबाई पहाटेच्या बसनं निघाल्या. बरणी अजून शोकेसमध्ये आहे, एवढं वहिनींकडून काढून घेतलं होतं. यवतमाळची मंडळी समोर बसणार, मधोमध चषक, शेजारी बरणीभर कुजका चिखल. पूर्ण प्रवासात त्यांना एकदाही डुलकी आली नाही.

दिवाणखान्यात पाऊल टाकलं आणि त्या थांबल्या.

बरणी हिरवी होती. नुसती हिरवी नव्हे, ओसंडत होती. झाकण नव्हतं. पेरापेरांचे मऊ देठ तोंडातून बाहेर पडून चषकावर लोंबत होते, 'उत्कृष्ट' हा शब्द पार झाकला गेला होता. देठांच्या टोकांना नखाएवढी निळी फुलं होती. चिठ्ठी जागेवर होती.

केना. मातीबरोबर बी आलं असणार. कोंदट बरणी, काळी माती आणि रोजचं पाणी. जाडपानी झाडांना जे जे टाळायला सांगितलं होतं, ते ते केन्याला हवं होतं.

"तुहे ते जाडेभरडे सडले, अन् मंग हे बाहीर आलं," तानावहिनी कानाशी लागल्या. "मी उपटून फेकतच होती. यायनं फेकू नाही देल्लं."

"काहून?"

"मले काय सांगतात? झाकणबी त्यायनंच काढलं. सकाळी चहा घेऊन पाहत बसतात."

नंदाबाई खुर्चीत बसल्या. विचार केला तर हे अधिकच चांगलं होतं. जो माणूस दरसाल केन्यावर तणनाशक मारतो, त्याच्या शोकेसमध्ये, चषकाच्या डोक्यावर, केना. आता फक्त कुणीतरी विचारायला हवं होतं.

पोहे आले. वैष्णवी नव्या साडीत मान खाली घालून बसली होती. दाराशी म्हातारा उकंडा सुपारी कातरत होता. त्याचं काम सुटून वर्षं झाली, पण घरचं कार्य त्याच्याशिवाय होत नसे. वैष्णवीच्या आईची नजर शोकेसवर गेली.

"अय्या, किती गोड निळं फूल! नर्सरीतून आणलं का हो?"

सदाशिवराव पानाचं तबक घेऊन उभे होते. त्यांनी बरणीकडे पाहिलं.

"नाही. केना आहे तो."

"केना?" वैष्णवीचे वडील हसले. "त्याच्यावर तर फवारणी करतात ना?"

"मीबी करतो," सदाशिवराव म्हणाले. बरणीवरची नजर त्यांनी काढली नव्हती. "पण हा नंदीच्या पट्ट्यातला आहे. असा निळा तिथलाच होते."

उकंडाचा अडकित्ता थांबला. बाकी कुणाला काही जाणवलं नाही. बोलणाऱ्यालाही ते क्षणभरानं कळलं. त्यांनी तबक एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"नंदीचा पट्टा म्हणजे?" वैष्णवीच्या वडिलांनी विचारलं. "म्हणजे ताईंचं वावर आहे का मधात?"

प्रश्न सहज होता. पण सोयरीक ठरताना त्यांना चौदा एकर सांगितलं होतं, आणि विचारताना त्यांनी चहाची बशी खाली ठेवली होती.

तानावहिनींनी पदराचं टोक मुठीत धरलं. कपिल बापाकडे पाहू लागला, वैष्णवीनं मान वर केली.

एकतीस वर्षं नंदाबाई या खुर्चीची तयारी करत होत्या. तांदूळ निवडताना, वह्या तपासताना, आज पहाटे एसटीतसुद्धा. सगळी उत्तरं ओळीनं उभी होती, कोणतंही उचलायचं होतं. त्यांनी भावाकडे पाहिलं. तो तबक धरून उभा होता, गृहपाठ न केलेल्या पोरासारखा, आणि त्यांच्याकडेच बघत होता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याला त्यांच्याकडून वाक्य हवं होतं.

त्यांनी तोंडातला घास सावकाश संपवला.

"होता," त्या म्हणाल्या. "बाबानं मले देल्ला होता. मी सोडला." आणि मग भावाच्या डोळ्यांत बघत, फळ्यावर एकेक शब्द लिहावा तसं, "म्हटलं, मले काय करायची माती."

"वा!" वैष्णवीचे वडील म्हणाले आणि बशी उचलली. "अशा बहिणी आता राहिल्या नाहीत."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सदाशिवरावांनी नाही डोलावली. हे वाक्य त्यांनी गावोगाव सगळ्यांना ऐकवलं होतं. ऐकलं मात्र आज पहिल्यांदा. ते तबक ठेवायला जागा शोधू लागले. समोर रिकामं टेबल होतं, तरी त्यांना ती सापडेना.

"नंदीचाच पट्टा तो, हाव," दाराशी उकंडा आपल्याशीच म्हणाला आणि पुन्हा सुपारी कातरू लागला.

नंदाबाईंनी पोहे पुन्हा मागून घेतले.

दुपारी त्या निघाल्या. बरणीतली फुलं तोवर मिटली होती. सदाशिवराव त्यांची पिशवी घेऊन अंगणापर्यंत आले. असं ते कधी येत नसत.

"नंदे."

"काय?"

त्यांनी पिशवीचा बंद उगीच घट्ट केला.

"अजून माती लागन का तुले?"

"लागली तं सांगीन."

"सांगजो," ते म्हणाले, आणि ऑटो आला का ते बघायला फाटकाबाहेर गेले. बराच वेळ तिकडेच तोंड करून उभे राहिले. रस्ता रिकामा होता.

अंगणात तुळशीची कुंडी होती, काळ्या मातीनं काठोकाठ भरलेली. नंदाबाईंनी मूठ उघडली. शोकेसजवळून येताना खुडलेलं केन्याचं एक पेर तळहाताला चिकटलं होतं. त्यांनी ते कुंडीच्या कडेला ठेवलं, बोटानं आत दाबलं आणि वरची माती सारखी केली.

पाण्याची चिंता नव्हती. ते वहिनी रोज घालत.